परतीची एसटी आधी विचार

पोरी, डिसेंबरातल्या एका रविवारी तू कल्याणला उतरून नाणेघाट बघणार आणि रात्री मुंबईला परत जाणार, असं तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. शहरातली मुलं इकडे येतात ती बहुतेक धबधब्याखाली भिजून परततात; तू लेणं बघायचं म्हणतेस.

तिकडे कॅरिबियन समुद्रात मोठाली प्रवासी जहाजं सकाळी सान हुआनसारख्या पाचशे वर्षांच्या बंदराला लागतात. माणसं दिवसभर किल्ला आणि जुन्या गल्ल्या हिंडतात आणि जहाज सुटायच्या आत धक्क्यावर परततात. तुझाही बेत तसाच एका दिवसाचा, आणि आपलं कल्याण तर त्याहून कितीतरी जुनं बंदर आहे, दोन हजार वर्षांचं. लोकलने तू कितीदा तिथून गेली असशील. खाडीत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर आमच्या मुरबाडच्या बाजूने नाणेघाटाच्या पायथ्याला यायचा, घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. त्या वाटेवर आपलं घर आहे. तेव्हा आत्या म्हणून चार गोष्टी सांगते. कागदावर उतरवून घे, रानात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

१. परतीची गाडी आधी विचार, जायची नंतर — सकाळी जायला गाड्या मिळतात, संध्याकाळी घाटाखालच्या फाट्यावर हात केल्यावर थांबणारी एखादीच असते. कल्याण स्टँडच्या चौकशी खिडकीवर माळशेजवरून येणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा विचार आणि तिथेच लिहून घे.

२. त्या दोनांतली शेवटची आपली मानायची नाही, तिच्या आधीची आपली — शेवटची भरून आली किंवा वाटेत बंद पडली तर मग डांबरी रस्ता, काळोख आणि तू एवढंच उरतं. आपल्या घरात म्हणतात, शेवटची एसटी ड्रायव्हरची, तिच्या आधीची प्रवाशाची.

३. घड्याळ मनगटाला बांध — दुपारपर्यंत मोबाइल फोटोंतच संपतो आणि मग वेळ विचारायला रानात माणूस नसतो.

४. एकटी येऊ नकोस, आणि फार जणीही आणू नकोस — चौघी असलात तर एकीचा पाय मुरगळला तरी एक तिच्याजवळ बसते आणि दोघी मदतीला जातात. बारा-पंधरा जणींत कोण मागे राहिली ते कुणालाच कळत नाही.

५. कल्याणला सातच्या आत उतर — डिसेंबरातसुद्धा अकरानंतर घाटातला कातळ तापायला लागतो.

६. स्टँड स्टेशनच्या पश्चिमेला आहे, पुलावर गर्दीबरोबर वाहत पूर्वेला जाऊ नकोस — परत फिरून येईपर्यंत समोरून गाडी जाते. जुन्नर, आळेफाटा, नगर, यांतली माळशेजवरून जाणारी कुठलीही गाडी चालेल.

७. सुटे पैसे ठेव — मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्या अर्ध्या तिकिटाला पाचशेची नोट काढली की कंडक्टरचा सगळा हिशेब अडतो.

८. उजव्या हाताची खिडकी धर — मुरबाड सोडलं की त्या बाजूला सह्याद्रीची सगळी भिंत उघडी पडते. त्याच रांगेत सिद्धगड आहे, जिथे २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले. आणि टोकावड्याच्या पुढे गेलीस की आकाशात अंगठा वर केल्यासारखा एक कडा दिसतो, तो नानाचा अंगठा. त्याच्या कुशीत तुझा घाट.

९. मुरबाड स्टँडवर गाडी थांबली की आधी जाऊन मोकळी होऊन ये, आणि कंडक्टरला सांगून जा — पुढे चार-पाच तास सोय नाही, आणि सोय नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुली घाटात चक्कर येऊन बसतात.

१०. त्याच स्टँडवर मी डबा घेऊन उभी असेन, खिडकीतून घे आणि खाली उतरून घरी यायचं नाव काढू नकोस — तू आलीस की मी तासभर सोडायची नाही, आणि तो तास घाटाचा आहे. डब्यात तांदळाची भाकरी, लसणीची चटणी, कांदा आणि गुळाचे खडे असतील. भाकरी माणशी दोनच देईन. पोट जड झालं की पाय जड होतात.

११. पाणी मात्र तुझं तू आण, माणशी तीन लिटर, घरून भरून — हे जरा नीट ऐक. तू मुंबईत नळ सोडतेस ते पाणी बरंचसं आपल्या शहापूर तालुक्यातल्या धरणांचं असतं. तानशाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय, भातसा नंतरचं. आणि त्याच शहापुरातल्या पाड्यांवरच्या बाया एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. मुरबाडच्या डोंगरकडेच्या वाड्यांनाही उन्हाळ्याची झळ लागते. गावात बाटली पुढे केलीस तर कुणी नाही म्हणणार नाही, माठातलं शेवटचं पाणीही ओतून देतील. म्हणूनच मागायचं नाही.

१२. कंडक्टरला चढतानाच सांग, “वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या वाटेला उतरायचंय,” आणि टोकावडं आलं की पुन्हा एकदा सांग — गर्दीत त्यांच्याही लक्षातून जातं, आणि गाडी माळशेजच्या चढाला लागली की मागे चालत येणं अवघड.

आता चढण. दोन ते तीन तास धर. घाई करणारी मुलगी दीड तासात वर पोचते आणि मग लेण्यात नुसती झोपते, असं मी पाहिलंय.

१३. नवे बूट नकोत, वापरलेले आण, पण तळव्याच्या खाचा झिजलेले नकोत — नवा बूट टाच सोलतो आणि झिजलेला घसरतो.

१४. पायथ्याच्या झाडीत वाटा फुटतात, तिथे ठळक वाट दिसली म्हणून तिच्यामागे जाऊ नकोस — गुरं रोज जातात म्हणून ती ठळक असते. ढोरवाट ढोराला पाण्यावर नेते, माणसाला काट्यात. दहा मिनिटं चालून बाणाची खूण किंवा रचलेला दगड दिसला नाही, तर पुढे शोधत बसायचं नाही, शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचं.

१५. आधी डोळा, मग हात — दगडाच्या फटीत, गवताच्या बुंध्यात फुरसं बसलेलं असतं आणि ते दगडाच्याच रंगाचं असतं.

१६. चावलंच काही, तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही — त्याने नुकसानच जास्त. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ला फोन करायचा आणि मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. भगताकडे नेऊ म्हणणारं कुणी भेटलं तर नम्रपणे हात जोड आणि पुढे हो.

१७. अत्तर, सेंट काही लावून येऊ नकोस, वर शेकोटी पेटवू नकोस, आरोळ्या नकोत — कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, आणि उठली की पळायला घाटात जागा नाही.

१८. हातात प्लास्टिकची पिशवी दिसू देऊ नकोस, सगळं पाठीवरच्या पिशवीत — वरची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात.

१९. वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतील, तिथे पाय आडवा टाक — शेकडो वर्षं माणसं आणि लादलेली जनावरं चढून त्या वापरातल्या पाट्यासारख्या गुळगुळीत झाल्यात.

२०. पावसाळ्यात याच घाटाची गोष्ट वेगळी, तेव्हा यायचं झालं तर आधी मला विचार — जून ते सप्टेंबर या पायऱ्यांवरून पाणीच वाहतं, आणि काही वेळा बंदीचा हुकूमही निघतो. वाऱ्याने धबधबा उलटा वर उडतो ते बघायला गर्दी लोटते. बघण्यासारखं आहेच ते, पण वरच्या घाटघर गावाच्या अंगाने गाडीने येऊन, कड्यापासून लांब उभं राहून.

चढ संपत आला की डाव्या-उजव्याला कोरलेली जागा दिसायला लागते. इथे मी तुला घाई करू देणार नाही. सगळा दिवस ज्याच्यासाठी, ते हेच.

२१. लेण्यात शिरल्या शिरल्या मोबाइल काढू नकोस, भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर पाच मिनिटं नुसती बस — बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अक्षरं दिसत नाहीत, सवय झाली की एकेक ओळ वर यायला लागते. आणि तो ओटा थकलेल्या माणसांसाठीच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी माल घेऊन चढलेली माणसं तिथेच टेकली असतील.

२२. दोन्ही बाजूंच्या भिंती वाच — म्हणजे वाचता येणार नाहीत, लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, पण कुणाच्या आहेत ते माहीत असलं पाहिजे. तो लेख नागनिका राणीचा. सातवाहनांचा राजा सातकर्णी, त्याची ती पत्नी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला लेख मानतात. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा त्यात नोंदवलीय: गाई, घोडे, हत्ती, गावं, नाणी. मला त्या लेखाचं फार अप्रूप वाटतं, पोरी. दरबारात किंवा देवळात लिहून ठेवायचं सोडून ज्या वाटेने व्यापारी, हमाल, वाटसरू जाणार तिथे हे कोरलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळावं, हे राज्य कुणाचं. आणि त्यात एका बाईचं नाव ठसठशीत आहे. तुझ्या शाळेच्या पुस्तकात तिला किती ओळी होत्या ते आठवून बघ.

२३. आकडे शोध — दोन आडव्या रेघा दिसल्या की तो दोन. दगडावर कोरलेले आपल्या देशातले फार जुने आकडे इथे आहेत. त्यांत शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. थेट हजारोंपर्यंतची दक्षिणा त्यांनी शून्याशिवाय मांडलीय. तुझ्याबरोबर गणिताची आवड असलेली मैत्रीण असेल तर तिला या भिंतीपुढे एकटी सोड.

२४. मागच्या भिंतीकडे खाली बघ, पावलं दिसतील — तिथे राजघराण्याचे पुतळे होते, वर एकेकाचं नाव कोरलेलं. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार. आता नावं आहेत, आणि पुतळ्यांचे नुसते पाय उरलेत.

२५. अक्षरांना बोट लावायचं नाही, पाणी शिंपडायचं नाही, खडू फासायचा नाही — हाताच्या घामानेही दगड झिजतो. विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली या लेखांची दखल घेतली, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी खपून ते वाचले. त्यांच्यापुढे जेवढं होतं तेवढं आज नाही. नीट फोटो हवा तर बॅटरी बाजूने, तिरपी धर. समोरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं, तिरपा टाकला की खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं.

२६. कुणी स्वतःचं नाव कोरताना दिसलं तर भांडू नकोस, जवळ जाऊन ती अक्षरं किती जुनी आहेत ते सांग — बहुतेकांना माहीतच नसतं, आणि सांगितलं की खिळा खिशात जातो.

२७. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात बसून फोटो काढायचा नाही, बाटली टाकायची नाही — अखंड दगडाचा आहे तो. जकातीचे पैसे त्यात पडायचे, असं लोक सांगत आलेत.

२८. रांजणाजवळ पश्चिमेकडे तोंड करून थोडी थांब — खाली पसरलंय ते सगळं मुरबाड, आणि त्याच्या पार कल्याणची खाडी. पहिल्या शतकात एका दर्यावर्द्याने ग्रीक भाषेत बंदरांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला. तिच्यात कल्याणचं नाव आहे. तो लिहितो, पूर्वी हे रीतसर बाजाराचं बंदर होतं, आता अडचण झालीय, ग्रीक जहाज तिथे लागलं तर पहारा बसवून भडोचला नेतात. बंदरावर कुणाची सत्ता, यावरून शकांची आणि सातवाहनांची ओढाताण चालली होती. कल्याणला नाकेबंदी झाली की हा घाटही ओस पडत असणार. हे मनात ठेवून खाली बघ, मग ती वाट वेगळी दिसेल.

२९. अंगठ्याच्या टोकावर कडेला जाऊ नकोस, दोन माणसांचं अंतर ठेव — वारा समोरून ढकलत असतो तोवर आपण त्याच्यावर रेलतो, आणि तो मध्येच थांबतो.

३०. समोर जीवधन बोलावेल, जायचं नाही — तो किल्ला अख्खा दिवस मागतो, तुझ्याकडे दोन तास असतात. एका दिवसात दोन डोंगर धरले की पायात दोन्ही राहतात आणि डोळ्यांत एकही राहत नाही.

३१. घाटघरच्या बाजूला कुणाच्या घरी जेवायचं ठरलं तर आधी निरोप दे आणि सांगतील ते पैसे दे — एकट्या बाईने चुलीवर चौघींच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे तास जातो. पायथ्याला ठाकर-कातकरी बाया काही रानमेवा घेऊन बसल्या असतील, त्यांच्याशीही घासाघीस नको. दिवस रानात घालवून त्यांनी तो गोळा केलेला असतो.

३२. दोन वाजले की उतरायला लाग, मग काही का बघायचं राहिलेलं असेना — सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, पण पायथ्याच्या झाडीत त्याच्या आधी अर्धा तास अंधारतं.

३३. उतरताना पावलं लहान टाक, गुडघा किंचित वाकता ठेव, आणि गप्पा बंद — मुरगळलेले पाय बहुतेक उतरतानाचे असतात. चढण पायाची, उतरण डोक्याची.

३४. रस्त्यावर आलीस की वळणावर उभी राहू नकोस, सरळ पट्टा बघ आणि गाडी लांब असतानाच हात कर — ड्रायव्हरला ब्रेक लावायला जागा हवी. वाटेतल्या जीपमध्ये बसायची वेळ आली तर बायका-पोरं बसलेली जीप बघ.

३५. मुरबाडला गाडीत बसूनच मला फोन कर — मी आल्याचा चहा थर्मासमध्ये भरून स्टँडवर येते. रिकामा डबा तेव्हाच परत दे, तुझ्या आईकडे आपले आधीच तीन अडकलेत.

३६. कल्याणचा दुर्गाडी किल्ला त्याच संध्याकाळी उरकू नकोस, त्याला वेगळी सकाळ दे — अंधारात खाडी दिसत नाही आणि खाडीशिवाय तो किल्ला कळत नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीकाठी जहाजं बांधायला काढली. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात ही. १८५४ला आगगाडी कल्याणला आली, पुढे ती थळ आणि बोर घाटांतून वर गेली, माल तिकडे वळला आणि आमची वाट मागे पडली. त्याच कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. अठराव्या वर्षी त्या बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ला डॉक्टर झाल्या. शहर फिरायचं झालं तर या सगळ्यासाठी फिर.

३७. कल्याणहून मुंबईची लोकल पकडताना पाटी वाच, आणि पुढल्या खेपेला इकडे येतानाही वाच — कल्याणनंतर रूळ दोन बाजूंना फुटतात. शहापूरसाठी कसाऱ्याची किंवा आसनगावची गाडी हवी, कर्जतच्या गाडीत बसलीस तर बदलापूरला पोचशील. पुढली खेप माहुली गडाची आहे, हे मी ठरवून टाकलंय. १६३६ साली शहाजीराजे तिथेच वेढ्यात सापडले होते. आसनगावला उतर. शहापूरच्या काकांना सांगून ठेवते, ते गडाच्या पायथ्यापर्यंत सोडतील, आणि संध्याकाळच्या लोकलच्या वेळा त्यांना तोंडपाठ आहेत.